ओल्या गणपतींमधून वॉल्ट्झ

"पायांकडं नको बघू गो, जागेकडं बघ," असं म्हणत काकी माझ्या खांद्यावर दोन बोटं टेकवायच्या. ढकलायच्या नाहीत. तरी पाऊल पुढे पडायचं.

पेणला त्यांचा गणपतींचा कारखाना होता. रविवारी दुपारी त्याच शेडमध्ये त्या वॉल्ट्झ हा जोडीनं करायचा नाच शिकवायच्या. नवरा मस्कतच्या हॉटेलात नोकरीला असताना दोघं तिथे शिकली होती. तो वारल्यावर पुरुषाची पावलंही त्याच टाकू लागल्या. मी रोह्याहून यायचे. माझ्यासारखी मुलगी तुम्हीही कुठल्या ना कुठल्या क्लासमध्ये पाहिली असेल, कोपऱ्यातला खांब धरून तिथल्या तिथे गिरक्या घेणारी. शेडभर फिरायचं म्हणजे सगळ्यांच्या नजरेसमोरून जायचं.

आषाढात शेड मातीच्या मूर्तींनी भरायची. दुसऱ्या कुणी क्लास बंद ठेवला असता. मोकळ्या मैदानात म्हैसपण नाचेल, असं काकींचं म्हणणं. मग मूर्तींच्या ओळींमधून जोड्या एकामागून एक सरकायच्या. सगळ्यांत पुढे काकी. कारागीर हसत हसत मूर्तींच्या फळ्या आत ओढून घ्यायचे.

गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा त्यांनी मला बाजूला घेतलं. आता पुढे कुणीतरी हवं, नाहीतर क्लास बंद करावा लागेल, आणि ते कुणीतरी म्हणजे मी.

"काकी, मूर्तीला धक्का लागला तर?"

"ओल्या हायत. ओलं दुरुस्त व्हतं. चल, आज तू ने मला."

खांब सोडून मी निघाले. पहिली ओळ पार झाली. वळणावर माझ्या कोपराने एका गणपतीचा कान चेपला. मी थिजले. काकींनी माझा हात सोडला नाही. दुसऱ्या हाताचा अंगठा शेजारच्या पाण्याच्या डब्यात बुडवून त्यांनी कान सरळ केला.

"थांबलीस का गो? मागचे येतायत."

फेरी पूर्ण झाली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, ते मला फार बरं वाटलं.

ऑपरेशननंतर त्या त्याच वळणावर स्टुलावर बसायच्या, पाय लांब करून. त्या पायाला धक्का लागू नये म्हणून आम्ही जरा बाहेरून वळायचो. येणाऱ्या प्रत्येक जोडीला त्या काहीतरी टोचून बोलायच्या, मला फक्त, "जा पुढं."

माघात काकी गेल्या. यंदा शेड पुन्हा भरली आहे आणि पुढे मी असते. वळणावर ते स्टूल अजून आहे, कारागिरांनी तिथे फळी लावलेली नाही. जोड्या अजूनही तिथे बाहेरून वळतात. यंदा आलेल्या नव्या जोड्यासुद्धा.