चुलीतला मासा

"या बिचाऱ्यांना आपलंच गाणं नीट पाठ नसतं," मॅडम माईकवर म्हणाल्या, आणि सगळा हॉल हसला.

नंदुरबारमधला हॉल. भर दुपार. स्टेजवर आम्ही आठ बाया, सगळ्यांना एकाच रंगाची हिरवी लुगडी, भाड्याची. गळ्यात पत्र्याचे हार. घरची खरी चांदी आम्हाला उतरवून ठेवायला लावली होती. एकीची जाड, एकीची बारीक, फोटोत सारखी दिसत नव्हती म्हणे. बाजूला दुसऱ्या माईकपाशी मॅडम. आम्ही आमच्या भिलीत एक ओळ म्हणायची, मॅडमनी हातातल्या कागदावरून तिचा मराठी अर्थ पाहुण्यांना सांगायचा. चार ओळी, चार अर्थ, टाळ्या, खाली उतरा. असं ठरलं होतं.

चौथ्या ओळीनंतर माझी याहा थांबली नाही. याहा म्हणजे आई. तिनं पाचवी ओळ उचलली. मॅडमनी कागद पाहिला, उलटा करून पाहिला. ती ओळ कागदावर नव्हती. पुढच्या रांगेतल्या पाहुण्यांनी विचारलं, "याचा अर्थ काय हो?" तेव्हा मॅडम ते वाक्य बोलल्या. मग पुढं येऊन त्यांनी याहाच्या तोंडासमोरचा माईक काढला आणि माझ्यापुढं धरला.

"तू सांग गं, तू शिकलेली आहेस. काय म्हणाली ती?"

मला अर्थ माहीत होता. ती ओळ कुठं जन्मली तेही माहीत होतं. मी म्हणाले, "काही नाही. चुकलं तिचं."

हॉल पुन्हा हसला. याहाला मराठी फार येत नाही. पण 'चुकलं' हा शब्द आमच्यातल्या प्रत्येकाला येतो. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. पायाखालच्या लाल गालिच्याकडं बघत उभी राहिली. मॅडमच्या वाक्याचा मला राग आहेच, पण माझ्या त्या दोन शब्दांची आजही लाज वाटते.

आम्ही नर्मदेकाठचे. मणिबेलीच्या वरच्या अंगाला आमचं गाव होतं. धरणाचं पाणी चढलं तेव्हा मी याहाच्या पाठीवर झोळीत होते. सरकारनं आम्हाला खाली सपाटीला आणून वसवलं. वसाहतीला नाव नाही, नंबर आहे. हिवाळा लागला की तिथून पिकअपमध्ये उभं राहून तापीचा पूल ओलांडायचा आणि नंदुरबारच्या मिरचीच्या पथारीवर यायचं. पथारी म्हणजे मिरची वाळवायचं मोकळं मैदान. नजर पोहोचेल तिथवर लाल. आम्ही बाया ओळीनं बसतो आणि देठ खुडतो. हातांची आग होते, डोळे चुरचुरतात, ठसका लागतो. म्हणून गातो. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटतं, काय मजेत आहेत या! मजा बिजा काही नाही. गायलं नाही तर दुपार सरत नाही.

आमच्या गाण्याची एक रीत आहे. एकीनं ओळ टाकायची, बाकीच्यांनी ती दोनदा म्हणायची. ऐकणाऱ्याला ते नुसतं घोळवणं वाटतं. पण त्या दोन वेळांत पहिलीला पुढची ओळ बांधायला सवड मिळते. म्हणून आमचं गाणं पाठ नसतं. पाठ करायचंच नसतं. कालचं आज तसंच आलं तर बाया म्हणतात, शिळं वाढू नको. दुसरी रीत अशी, की समोर जो असेल त्याला नाव घेऊन गाण्यात ओढायचं. तिथं सगळे तू. ज्याचं नाव आलं त्यानं उत्तर द्यायचं, आणि ते उत्तरही बाकीच्यांनी दोनदा म्हणायचं. व्याही असो, पोलीसपाटील असो, सुटका नाही.

ओळ टाकण्यात याहा पक्की. मी मोठी झाल्यावर एकदा तिच्याबरोबर होडीतून वर, बुडालेल्या गावाकडं गेले होते. पाण्याच्या मधोमध तिनं होडीवाल्याला थांबवलं. खाली बोट दाखवून म्हणाली, "इथं आपली चूल." दुसरं काही बोलली नाही. पुढच्या हंगामात पथारीवर देठ खुडता खुडता तिनं ओळ टाकली. मराठीत सांगायची तर अशी: बाई गं, माझ्या चुलीत मासा राहतो, मी विस्तव कुठं ठेवू? आम्ही दोनदा म्हटली. दुसऱ्यांदा म्हणताना अर्ध्या बाया मनगटानं डोळे पुसत होत्या. त्या दिवशी कुणी मिरचीला दोष दिला नाही.

पथारी मॅडमच्या घरची. तिथं आम्ही त्यांना भाभी म्हणतो. पथारीवर त्या आमच्याशी अहिराणी बोलतात, स्टेजवर शुद्ध मराठी. शहरात त्यांचं एक कलामंडळ आहे. लोककला मरत चालली, तिच्यात नवा प्राण फुंकायचा, असं त्या बोलतात. एके दिवशी आमचं गाणं ऐकत त्या भर उन्हात उभ्या राहिल्या. डोळे भरून आले त्यांचे. ते काही नाटक नव्हतं, मी खोटं का सांगू. त्यांना गाणं मनापासून आवडलं होतं.

माझी बारावी झालेली. त्यांनी मला वही दिली. म्हणाल्या, "तुम्हनं गानं लिखी दे. खाले मराठीमा अर्थ लिख." मी लिहिलं. अभिमानानं लिहिलं. आश्रमशाळेत बोलीत बोललं की गुरुजी वर्गाबाहेर उभं करायचे. आता तीच बोली कुणीतरी मागत होतं, तीही वहीत. मी अक्षर ठळक काढलं, समास सोडला.

भाभींनी वाचलं. मासा आला तिथं थांबल्या. "हाई काय शे? चुल्हामा मासा? हाई रडगानं नको. पाहुना येतीन. जंगलनं लिख, मोरनं लिख, सनवारनं लिख."

मी पेन उघडलं आणि ओळ खोडली. कुणी माझा हात धरून खोडून घेतली नव्हती. याहाला विचारलं नाही. मग त्या म्हणाल्या, "येळ कमी शे, दोनदा नको, एकदाच म्हना." तेही मी मान्य केलं. मोर मी घातला. आमच्या वसाहतीत मोर नाही. भाभींच्या मळ्यात असला तर असेल.

स्टेजवर याहाच्या तोंडी ती ओळ आली, कारण तिचं गाणं तिकडंच जात होतं. अडवलं मी होतं. आणि अडवून वर चुकलं म्हणाले. चोर तो चोर, वर शिरजोर.

दुसऱ्या दिवसापासून याहानं पथारीवर गाणं बंद केलं. भांडली नाही, रडली नाही. देठ खुडायची, पाटी भरायची, पुढं सरकायची. ओळ टाकणारीच गप्प, तर दोनदा काय म्हणायचं? बाया एकमेकींकडं बघायच्या. एकीनं मोबाइलवर सिनेमाची गाणी लावली, ती आपली वाजत राहायची. घरी याहा मला वाढायची, पण 'जेव' म्हणायची नाही. भाकर समोर ठेवून उठून जायची. तेवढे दिवस मला घास गोड लागला नाही.

असे दहा-बारा दिवस गेले. मग भाभी आल्या. हातात छापील कागद, चेहऱ्यावर आनंद.

"आते मोठा कार्यक्रम शे. म्हातारीले आनू नको. तुन्हा आवाज चांगला शे, तूच म्हन."

म्हातारी पाच हातांवर बसली होती. तिला अहिराणी मराठीपेक्षा बरी कळते. तिचा हात थांबला नाही. फक्त खुडलेला देठ पाटीत आणि मिरची बाहेर पडली.

मी कागद वाचला. आमच्याच चार ओळी, माझा मोर धरून. वर लिहिलेलं: पारंपरिक आदिवासी गीत. खाली, शब्दांकन म्हणून भाभींचं नाव.

मी म्हटलं, "भाभी, हाई मन्ही मायनं गानं शे. तिन्हं नाव कोठे शे?"

भाभी हसल्या. मायेनंच हसल्या. "नाव कसानं? हाई कोनी लिखेल शे का? पारंपरिक शे ते."

पारंपरिक. म्हणजे कुणीच केलेलं नाही. रानात पळस उगवावा तसं आपोआप उगवलं. मग ही पाच हातांवर बसलेली बाई कोण? बोटांना भेगा पडलेली, ठसक्यानं रात्रभर न झोपणारी? हिनं होडी थांबवली होती. हिला चुलीची जागा ठाऊक आहे. आणि हिचं नाव नाही? माझं डोकं सणकलं. भाभींवर सणकलं, त्याहून जास्त माझ्यावर. वहीत ओळ मी खोडली. माईकवर आई मी खोडली. आता तिचं नाव उरलं होतं, आणि तेही खोडायला माझाच हात मागत होत्या.

मी कागद मिरच्यांवर ठेवला. खाली बसले. आणि ओळ टाकली. याहाचीच. माझ्या चुलीत मासा राहतो, मी विस्तव कुठं ठेवू?

कुणी उचलली नाही. मालकीण समोर उभी. उचलणार कोण? मग माझ्या वहिनीनं, माझ्या भावाच्या बायकोनं, तोंडातल्या तोंडात म्हटली. मग आणखी दोघी-तिघी. दोनदा झाली. तेवढ्यात मी पुढची बांधली होती, आणि तिच्यात भाभींचं नाव होतं.

"काय म्हनी ऱ्हायन्यात ह्या?" भाभींनी मला विचारलं.

तोच प्रश्न. या खेपेला मी अर्थ सांगितला. त्यांच्या स्टेजवरच्या शुद्ध मराठीत, सगळ्या पथारीला ऐकू जाईल असा. "भाभी, आम्ही म्हणतोय, माझ्या आईच्या चुलीवर पाणी आलं, तिच्या गाण्यावर तू आलीस. पाण्याला नाव आहे, तुला नाव आहे, मग माझी आई तेवढी बिननावाची कशी? आता आमची रीत अशी आहे की नाव घेतलं की उत्तर द्यावं लागतं. द्या."

भाभींचा चेहरा उतरला, मग लाल झाला. उत्तर त्यांनी दिलं. "सकायपासून येऊ नको तू." सकाय म्हणजे उद्या.

मोबाइलवरचं गाणं कुणीतरी बंद केलं. आणि मागून तो आवाज आला, जो इतके दिवस आला नव्हता. याहानं भाभींचं उत्तर चालीत उचललं. सकायपासून येऊ नको तू. रीतच आहे, उत्तर दोनदा म्हणायचं. पहिल्यांदा ती एकटी होती. दुसऱ्यांदा वहिनी तिच्या जोडीला आली. कुणीतरी फिसकन हसलं. मला हसू आलं नाही. माझ्या ध्यानात आलं, ती मला सवड देतेय, पुढची ओळ बांधायला.

आणि मला पुढची ओळ सुचली नाही. आहे ते सांगते. भाभी कागद उचलून निघून गेल्या. याहा उठली, वहिनी उठली, मी उठले. भरलेल्या पाट्या तिथंच राहिल्या.

पिकअप संध्याकाळी येणार होतं. आम्ही फाटकाबाहेर लिंबाखाली बसलो. मी म्हटलं, "याहा, माझं चुकलं."

ती पदरानं हात पुसत म्हणाली, "तिथं म्हणालीस, याहाचं चुकलं. इथं म्हणतेस, तुझं चुकलं. तिथं माईक होता."

एवढंच. माफ केलं, असं ती आजवर म्हणालेली नाही. मी मागतही नाही.

पुढं सगळं बरं झालं, असं कुणाला वाटत असेल तर तसं काही नाही. आठांतल्या चौघी भाभींच्या मोठ्या कार्यक्रमात गेल्या, हिरव्या लुगड्यात, मोर धरून. मी त्यांना नावं ठेवत नाही, पोट सगळ्यांना आहे. टाळ्या खूप पडल्या म्हणे. वसाहतीत लोक मला तोंडावर विचारतात, पथारी गेली, बोलावणं गेलं, मिळवलंस काय? मी आता पपई तोडायला जाते. पपईच्या चिकानं हात वेगळ्या तऱ्हेनं जळतात.

पण रविवारी सकाळी वसाहतीच्या हातपंपापाशी बाया जमतात. आधी आम्ही तिघीच होतो. मग पंपावर पाणी भरायला आलेल्या थांबायला लागल्या, हंडे खाली ठेवून. त्या चौघींतलीही एक आली, लांब बसली, मग जवळ सरकली. मोर चालत नाही, शिळं चालत नाही. परवा वहिनीनं आमच्या देवीलाच हाक घालून ओळ टाकली: माहेरालाही नंबर, सासरालाही नंबर, मोगी माते, तू मला कुठल्या नंबरावर शोधशील? पहिल्यांदा म्हणताना बाया हसून लोळल्या. दुसऱ्यांदा म्हणताना हंड्याजवळच्या एका म्हातारीनं डोळ्याला पदर लावला. वहिनीला वयाच्या पस्तिशीपर्यंत कुणी ओळ टाकताना ऐकलं नव्हतं. आता तिला थांबवावं लागतं.

मी लिहून घेते. नव्या वहीत. आधी ओळ टाकणारीचं नाव, मग ओळ, मग अर्थ. पहिल्या पानावर याहा आहे. मी तिला ते पान दाखवलं. तिला वाचता येत नाही. तिनं अक्षरांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "हे खोडता येतं?"

मी म्हटलं, "येतं."

तिनं वही माझ्या मांडीवर ठेवली आणि हंडा उचलून गेली.

पुन्हा एखादा हॉल येईल. पुन्हा कुणी पाहुणा विचारेल, याचा अर्थ काय हो? मी आधी माझ्या आईचं नाव सांगेन. मग ओळ. मग अर्थ. माईक काढून घेतला तर माईकशिवाय सांगेन, हॉलबाहेर काढलं तर दारातून सांगेन. कुणी विचारलं नाही, तरी सांगेन. पण तिचं चुकलं, असं या तोंडातून पुन्हा निघणार नाही.