शुक्रवारांचा लिलाव

वर्ल्ड कपची तयारी सुरू झाल्यापासून दोहात फुटबॉलशिवाय दुसरा खेळच उरला नव्हता. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ज्याला ऑफसाइड कळत नाही तोही तज्ज्ञ झाला होता. मी सॉफ्टबॉलची. लग्नाआधी महाराष्ट्राच्या संघात कॅचर होते, म्हणजे बॅट्समनच्या मागे उकिडवं बसून चेंडू झेलणारी. जळगावात लोक माझ्या नावाने आमच्या घराचा पत्ता सांगत. इथे मी नुसती वहिनी होते, आणि ते मला कधी पचलं नाही.

त्या हिवाळ्यात एका शाळेने शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी मैदान द्यायचं कबूल केलं. अट एकच: नऊ बायकांचा संघ उभा करायचा, नाहीतर मैदान फुटबॉलवाल्यांना जाणार. मी घरोघर फिरले. सगळ्या 'बघू' म्हणाल्या. आपल्यात 'बघू' म्हणजे काय, ते सांगायला नको.

मग मी ठरवलं, माझी खेळाची पेटीच लिलावात काढायची. जर्सी, बॅट, पदकं, सगळ्या संघाने सह्या केलेला चेंडू आणि शेवटी माझा कॅचरचा ग्लोव्ह. बोली रियालमध्ये नाही, शुक्रवारांमध्ये. जी जास्त शुक्रवार मैदानावर येईल, वस्तू तिची. नवरा म्हणाला, "अगं, बाकी काय ते दे, ग्लोव्ह तेवढा ठेव." मी म्हटलं, "ग्लोव्ह नसेल तर बाकीच्याला कोण विचारतंय?"

संक्रांतीच्या हळदीकुंकवानंतर अल मन्सूरा भागातल्या एका हॉटेलच्या माडीवर लिलाव झाला. बायकोला न्यायला आलेल्या एका गृहस्थांनी पहिलीच बोली ठोकली, "माझ्या मिसेसचे दहा शुक्रवार!" हशा पिकला. "भाऊजी," मी म्हटलं, "तिचे ती लावेल." ते बसले, ती उठली आणि म्हणाली, "पंधरा." तिथून सगळ्याच पेटल्या. ग्लोव्हला नाशिकच्या एका अकाउंटंट बाईंनी हात वर केला. चाळिशी ओलांडलेली, शाळेतसुद्धा कधी धावली नसेल अशी. म्हणाली, "अख्खा सीझन!" पेटी रिकामी झाली आणि माझा संघ पुरा झाला.

दोन दिवसांनी पहिली पाहुणी दारात. जर्सीची घडी, त्यावर ब्लाउजपीस आणि नारळ. "ताई, ही तुमच्याकडेच शोभते. आम्ही आपला तुमचा मान केला." संध्याकाळी दुसरी, बॅट घेऊन. त्यांची भावना खरी होती, मला कळत होतं. मान्यवराची वस्तू घरी नेणं आपल्या लोकांना ओरबाडल्यासारखं वाटतं. पण माझं डोकं फिरलं. वस्तू परत म्हणजे शुक्रवारही परत, हे न कळण्याइतकी मी दूधखुळी नव्हते. नारळ ठेवून घेतले, जर्सी आणि बॅट त्यांच्याच हातात दिली. ग्रुपवर लिहिलं, "माझा मान मैदानावर करा. वस्तू घेऊन या. यायचं नसेल तर तिथे येऊन तोंडावर नाही म्हणा."

"लोक दुखावतील," नवरा म्हणाला.

"दुखावू देत. पण येऊ देत."

शुक्रवारी उजाडताना मैदानावर मी एकटी होते. मनात म्हटलं, झालं, खलास. मग एक गाडी आली, तिच्या मागे दुसरी. ओढण्या कमरेला खोचलेल्या, पायात नवे कोरे बूट. नाशिकची तेवढी दिसेना. शाळेचा माणूस फाटकात उभा राहून म्हणाला, "मॅडम, नाइन बोला था." मी त्याला म्हटलं, "आएगी," आणि माझाच त्यावर विश्वास नव्हता.

ती धापा टाकत आली, ग्लोव्ह उजव्या हातात घालून. मी तो काढून तिच्या डाव्या हातात चढवला. "बसा उकिडव्या. डोळे मिटायचे नाहीत." लांब जाऊन, जोर आवरूनच, चेंडू टाकला. तो ग्लोव्हमध्ये धप्पकन बसला.

तो आवाज मी समोरून कधी ऐकला नव्हता. इतकी वर्षं तो माझ्याच तळहातात वाजत होता. आता दुसरीच्या हातात वाजला आणि खरं सांगते, मला आनंद नाही झाला, मत्सर वाटला. पळत जाऊन ग्लोव्ह हिसकावून घ्यावा असं वाटलं.

तिने हात झटकला. डोळ्यांत पाणी होतं. "ताई, दुखतंय हो."

"दुखणारच," मी म्हटलं आणि पुढचा चेंडू उचलला.