गाय गेली, अर्ज आला

आमच्या नागपूरच्या ऑफिसात फायलींपेक्षा किस्सेच जास्त साठतात. फायलीला निदान एक दिवस मंजुरी तरी मिळते. किस्से कुठे पाठवायचे? घरी सांगावेत, तर बायको जाऊन तीन वर्षं झाली आणि मुलगी पुण्यात. म्हणून तुम्हाला सांगतो.

मी बसतो भरपाईच्या टेबलावर. क्षयरोगाने, म्हणजे टीबीने, गाय-म्हैस गेली की मालकाचा अर्ज माझ्याकडे येतो. जनावरांनाही टीबी होतो हे मला इथे बदली झाल्यावरच कळलं!

*

टीबीच्या तपासणीत जनावराच्या मानेला सुई टोचतात आणि तिसऱ्या दिवशी सूज आली का ते पाहतात. आमच्या डॉक्टर मॅडम खापरखेड्याकडच्या एका गावात तिसऱ्या दिवशी गेल्या, तर गायीच्या मानेवर हळद-चुन्याचा जाड लेप! मालक एकदम खुशीत.

"पाहा मॅडम, सूज उतरवून टाकली! सुई लय लागली होती तिले. दोन दिवस शेकूनच राहिलो."

"अहो, तीच मोजायला आले होते मी!"

*

पंचनाम्याला मेलेल्या जनावराजवळ मालकाचा फोटो लागतो. एक मालक इस्त्रीचा शर्ट घालून आला आणि मोबाइल समोर धरताच छान हसला. आमचा शिपाई दिवाकर म्हणाला, "हसू नका गा, भाऊ." तो पुन्हा हसला. चार फोटो काढले, चारही हसरे!

"फोटो म्हटलं का तोंड आपोआपच तसं होते जी," तो म्हणाला. "तुम्ही जा. मंग रडतो मी."

त्यातलाच एक फोटो आम्ही फायलीला लावला.

*

अर्जात जनावराच्या नावाला जागा नाही, फक्त कानातल्या बिल्ल्याचा नंबर. एक म्हातारबा त्यावर अडूनच बसले. "नंबरानं हाक मारली असती, तर तिनं मान तरी वळवली असती का?"

मला त्यांची दया आली. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'सखू'.

पंधरा दिवसांनी वरून फाईल परत आली. 'सखू यांचे आधार कार्ड जोडावे!'

*

एकदा मला महिनाभर खोकला होता. दिवाकर म्हणाला, "साहेब, तुमची बी भरपाई निघते का पाहू?" सगळे हसले, मीही हसलो.

मग धंतोलीत एक्स-रे काढायला गेलो. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "सोबत कोण आहे, काका?" आणि मी चक्क मागे वळून पाहिलं! सवय हो, दुसरं काय.

एक्स-रे स्वच्छ निघाला. पण ही खुशखबर सांगायची कोणाला? शेवटी दिवाकरलाच फोन केला.

*

आणि या उमरेडच्या पार्वताबाई. एकेकाळी त्यांच्या घरात माग चालायचा. मग माग गेला, नवरा गेला, राहिली एक गाय. तीही टीबीने गेली.

दर सोमवारी त्या एसटीने यायच्या आणि माझ्या टेबलासमोर बसायच्या. "माही फाईल कुठवर आली, बाबू?" एवढं विचारून झालं की गायीच्या खोड्या सांगायच्या, माझा डबा उघडून भाजीला नावं ठेवायच्या. एकदा म्हणाल्या, "गोठा धुऊन काढला. पण सकाळी उठून बोलू कोणासंग?" खोटं कशाला सांगू, मीही सोमवारची वाट पाहायला लागलो होतो.

अखेर फाईल मंजूर झाली. महिनाअखेरपर्यंत पावतीवर सही झाली नाही, तर रक्कम परत जाणार होती आणि त्या पैशातून दुसरी गाय घेण्याचा विषयच संपणार होता. पार्वताबाई आल्या, त्या सोमवारनंतर महिन्यातला आणखी एकच सोमवार उरला होता.

त्या समोर बसल्या, तसा मी कागद पुढे केला. "इथे सही करा, की काम संपलं. आता एवढ्या लांबून यायची गरज नाही तुम्हाला."

त्यांनी कागद वरपासून खालपर्यंत वाचला. पेन हातात घेतलं. मग हळूच खाली ठेवलं.

"चष्मा घरीच राहिला, बाबू. पुढच्या सोमवारी करीन सही."

चष्मा त्यांच्या नाकावर होता!

"हरकत नाही," मी म्हणालो. "येताना तेवढा आठवणीने आणा."