सिनेमातली बाई

मंदाकिनीबाईंनी तो सिनेमा बेचाळीस वर्षं नुसता ऐकला होता. सत्तावन्न साली त्यांचे यजमान गोपाळकृष्ण एकटेच सायकल मारत लष्कर भागातल्या थिएटरात जाऊन तो पाहून आले. परग्रहावरचे लोक थाळीसारख्या यानातून माळावर उतरतात, कसलेसे संदेश पाठवतात, ते कुणाला उमगत नाहीत, सैन्य तोफा रोखतं आणि ऐन वेळी एका कर्नलला अर्थ लागतो. सदाशिव पेठेतल्या दोन खोल्यांत रविवारी दुपारी गोपाळकृष्ण ही कथा रंगवून सांगायचे. मंदाकिनीबाई वाती वळता वळता ऐकायच्या. कर्नलची ऐट, त्याची मिशी, सगळं त्यांना पाठ. पुढे मुलीला भात भरवताना त्यांनीही तीच गोष्ट सांगितली.

ती मुलगी, सुनीती, आता कर्वेनगरला असते. वडिलांच्या पंचाहत्तरीला तिने त्या सिनेमाची सीडी पैदा केली आणि दोघांना घरी बोलावून कॉम्प्युटरपुढे बसवलं. खाली इंग्रजी अक्षरं उमटत होती. मॅट्रिकच्या इंग्रजीवर मंदाकिनीबाईंनी निभावून नेलं.

थाळी उतरली. सैन्य आलं. कर्नलही आला, पण तो नुसता घड्याळ बघत होता. संदेश उमगले ते टेलिफोन एक्स्चेंजमधल्या एका बाईला. तीन दिवस ती कानाला यंत्र लावून बसली. साहेब लोक हसले. शेवटी तोफांपुढे जाऊन उभी राहिली तीही तीच.

सत्तावन्न सालीच, श्रावणात, मंदाकिनीबाईंना टेलिफोन खात्यातून नेमणुकीचं पत्र आलं होतं. परक्या पुरुषांशी दिवसभर बोलत बसणं चांगल्या घरच्या बाईला शोभत नाही, असं गोपाळकृष्ण म्हणाले होते. नवऱ्याचा शब्द देवाचा मानून त्यांनी नकार कळवून टाकला होता. पोथी वाचताना एखादी ओवी सुटली तर त्या मागे जाऊन ती पुन्हा वाचत. इथे तर यांनी अख्खा अध्याय गाळला होता आणि फलश्रुती कर्नलच्या पदरात टाकली होती.

सिनेमा संपला. सुनीती चहा टाकायला आत गेली.

“अहो, ही बाई तुम्ही कधी सांगितली नाहीत.”

“असेल राहिली. इतक्या वर्षांनी कोण लक्षात ठेवतंय?”

“कर्नलची मिशी आहे लक्षात.”

गोपाळकृष्णांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला. मग खाली बघत म्हणाले, “ते पत्र आलेलं होतं ना तेव्हा. उगाच तुझ्या डोक्यात काहीतरी भरलं असतं.”

“भरलं असतं,” मंदाकिनीबाई म्हणाल्या.

सुनीती कप घेऊन आली. बाबा सांगायचे तो सिनेमा चांगला की हा, असं तिने हसत आईला विचारलं.

“हा. यात तुझ्या बाबांचा हात लागलेला नाही.”

बशीत ओतताना गोपाळकृष्णांचा चहा धोतरावर सांडला. फडकं मंदाकिनीबाईंच्या हाताशीच होतं. त्या उठल्या नाहीत.