उन्हात धरलेला फोन

म्हैसूरमध्ये आमचं घर रंगाऱ्यांचं. रंगवलेलं कापड धुऊन, उन्हात वाळवून पाहिल्याशिवाय आजोबा गिऱ्हाइकाला देत नसत. मी वेबसाइट बनवते, पण खोड तीच.

एका साडीच्या दुकानाच्या मालकांना पांढऱ्यावर फिकट करडी अक्षरं हवी होती. बेंगळुरूत सगळे हेच करतात म्हणे. मी त्यांना भर दुपारी माझ्या स्टुडिओच्या गच्चीवर नेलं, माझा जुना फोन हातात दिला आणि म्हटलं, "तुमच्याच दुकानाचा पत्ता वाचा."

त्यांनी डोळे बारीक केले, हाताची सावली धरली. "खाली एसीत छान दिसत होतं."

"तुमचं गिऱ्हाईक नंजनगूडच्या बसथांब्यावर उन्हात उभं असतं. अक्षरं काळीच राहतील."

ते काम घेऊन दुसरीकडे गेले. जाऊ देत. आमच्या घरातून कच्चा रंग अजून बाहेर गेलेला नाही.