मागची सीट आणि मासळीची पाटी

वस्तीच्या गाडीची मागची काच पुन्हा फुटली होती. कंडक्टरच्या कपाळाला टेंगूळ आलं होतं आणि डेपो मॅनेजर माझ्या केबिनच्या दारात उभे होते.

“आता पुरे,” साहेब म्हणाले. “सोमवारपासून ही फेरी कॅन्सल.”

दोन हजार एकच्या सुमारास मी रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होतो. कुठली गाडी कुठल्या फलाटाला कधी लागेल आणि लागली नाही तर शिव्या कोणी खायच्या, हे ठरवणारा माणूस. शिव्यांचं खातं बहुतेक माझ्याकडेच असायचं. वस्तीची गाडी म्हणजे संध्याकाळी सुटून शेवटच्या गावात रात्रभर मुक्काम करणारी. ही खाडीकडे जायची.

तिच्यात पोरांच्या दोन टोळ्या असायच्या. वरचीवाडीचा ‘रॉयल ग्रुप’ आणि मधलीवाडीचे ‘डेंजर बॉइज’. नावं त्यांनीच सीटच्या पाठीवर कर्कटकाने कोरून ठेवली होती, त्यामुळे चौकशीची गरज नव्हती. भांडण मागच्या लांब सीटवरून. ज्यांना ती मिळायची नाही, ते आपल्या स्टॉपवर उतरून गाडीला दगड मारायचे.

फेरी बंद झाल्याने या पोरांचं काही बिघडणार नव्हतं. ती ट्रकला हात दाखवून गेली असती. अडकणार होत्या या गाडीने कॉलेजला येणाऱ्या मुली. त्यांच्यातली मुक्ता बीएस्सीला होती आणि प्रॅक्टिकल संपेपर्यंत तिला संध्याकाळ व्हायची. तिचे वडील माझ्या खिडकीशी येऊन शांतपणे सांगून गेले की गाडी बंद झाली तर कॉलेजपण बंद. त्यांच्या त्या शांतपणाचाच मला जास्त राग आला. साहेबांच्या मागे लागून मी महिनाभराची मुदत मिळवली.

आधी गाडीत पोलिस बसवला. तो होता तोवर पोरं भजनाला आल्यासारखी बसली. त्याला दुसरीकडे बंदोबस्त लागला आणि त्याच संध्याकाळी दगड आला.

अशात चंद्रामावशी भांडायला आली. तशी ती रोजच यायची. ती आणि तिच्या सोबतिणी शेवटच्या गावातल्या मासेवाल्या. सकाळी वाटेतल्या वाड्यांत दारोदार मासळी विकत शहरात यायच्या, संध्याकाळी रिकाम्या पाट्या घेऊन परत. पाट्यांना वास येतो म्हणून आम्ही त्यांना या गाडीत घेत नसू. मावशीने नेहमीप्रमाणे माझा उद्धार केला आणि ऐकता ऐकता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मागची सीट यांनाच द्यायची.

“वासाच्या तक्रारी येतील,” साहेब म्हणाले.

“येऊ देत. वासाने काच फुटत नाही.”

पहिल्या संध्याकाळी मी स्वतः गाडीत बसलो. पोरं चढली, त्यांनी मागे बघितलं आणि नाक मुरडून पुढे उभी राहिली. मावशीला प्रत्येकाचं घर ठाऊक होतं. कोणाची आजी आजारी, कोण लहानपणी गटारात पडला होता, सगळं ती मोठ्याने विचारत होती. मुली खिडकीकडे तोंड करून हसत होत्या.

मधलीवाडीला डेंजर बॉइज उतरले. त्यांचा म्होरक्या बाब्या. त्याने सवयीने दगड उचलला. मावशीने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

“बाब्या, तो दगड खाली ठेव. नायतर उद्यापासून तुमच्या वाडीत पाटी उतरायची नाय. का ते आयशीला तूच सांग.”

चेल्यांसमोर माघार कशी घ्यायची? बाब्याने दगड मारलाच. तो पत्र्यावर खणकन आदळला.

दुसऱ्या दिवशी मधलीवाडीत मासळी गेली नाही. वरचीवाडीतही नाही. “ते काय धुतल्या तांदळासारखे हायत?” असं मावशीचं म्हणणं. दोन्ही वाड्यांत माशांच्या कालवणाऐवजी कुळथाची पिठी शिजू लागली. एखाद्या दिवशी ती कोणालाही आवडते. पण ताटात रोज पिठीच दिसायला लागल्यावर घरोघरी चौकशी झाली आणि पोरांची नावं बाहेर आली.

अखेर बाब्या माझ्या खिडकीशी आला. मागे थोड्या अंतरावर रॉयलवालेही होते.

“साहेब, मावशीला सांगा ना. आजोबा माझ्याशी बोलत नायत.”

मी म्हटलं, मासळी एसटीच्या अखत्यारीत येत नाही. तिलाच जाऊन सांगा.

मावशीने एकच अट घातली. रोज संध्याकाळी स्टँडवर पाट्या गाडीत चढवायच्या, एक बाजू रॉयलने धरायची, दुसरी डेंजरने. पहिल्या दिवशी पोरांनी पाट्या दोन बोटांनी उचलल्या. पुढे पुढे “अरे, नीट धर” इतपत बोलणं सुरू झालं. वाड्यांत मासळी पुन्हा पोचली आणि दगड बंद झाले.

फेरी काही कॅन्सल झाली नाही. मुक्ता त्याच गाडीने ये-जा करून बीएस्सी झाली आणि मला पोटची पोर पास झाल्यासारखा आनंद झाला. वासाच्या तक्रारी मात्र आल्या. त्या मी फाइलला लावल्या.

पोलिसाला जमलं नाही ते या बाईला कसं जमलं, असं साहेबांनी एकदा विचारलं.

“पोलिसाची बदली होते, साहेब,” मी म्हटलं. “मासेवाली उद्या सकाळी पुन्हा दारात असते. किंवा नसते.”