थंडीतला राब

शाळेत इंटरनेट आलं त्या हिवाळ्यात मी भूगोलाच्या तासाला उपग्रहाचा नकाशा पडद्यावर लावला. मुलांनी आपापली घरं शोधली, मग तुमचं शेत दाखवा म्हणाली. नांद्याच्या शिवारातलं आमचं भातखाचर सापडलं. त्यात एक काळा चौकोन होता.

"सर, तुमी थंडीतच राब भाजला व्हय?" एक मुलगी म्हणाली आणि वर्ग हसला. भाताचं रोप टाकायची जागा शेणपाला जाळून भाजतात, ती उन्हाळ्यात.

"चित्र जुनं आहे," मी म्हणालो. तो वडिलांनी भाजलेला शेवटचा राब होता.

"मग आता तितं काय हाय?"

"इमारतीचा पाया."

जमीन विकू नकोस, असं वडील शेवटपर्यंत सांगत होते. ते गेल्यावर तीन महिन्यांत मी सही केली. हे मुलांना सांगायचं मला धैर्य झालं नाही.